आधी समुद्राकडचं दार

१

दर सोमवारी खालचं चर्च लोकांना बंद असायचं, आणि त्याच दिवशी नुंत्सिया तिथली झाडलोट करायची. मऊ केसांचा ब्रश, सुकी फडकी आणि टॉर्च, एवढंच सामान. पाण्याचा थेंबही खाली न्यायचा नाही, अशी वारसा खात्याची सक्त ताकीद होती. पोर्तो सेल्वारा या समुद्राकाठच्या गावाचं मोठं चर्च वर, आणि त्याच्या पोटात हे तळघर. आठ-नऊशे वर्षांपूर्वीचं, बुटक्या कमानींचं, अठ्ठावीस खांबांवर तोललेलं. खांब तरी कसले! एकाचा दगड दुसऱ्यासारखा नाही. त्या काळच्या गवंड्यांनी जिथून मिळाले तिथून उचलून आणलेले. कुठला आखूड पडला तर त्याच्याखाली चौथरा, कुठला लांब झाला तर तो जमिनीत पुरलेला. मागच्या भिंतीवर नऊ संत रंगवलेले होते. भिंतीतून फुटणाऱ्या मिठाने त्यांचे चेहरे खाल्ले होते. तिघांना नाक नव्हतं, एकाचे नुसते डोळे उरले होते.

नुंत्सियाच्या आधी चाळीस वर्षं तिचे वडील ओरोंत्सो इथे राखणदार होते, आणि कुलूप लावायची त्यांची एक ठरलेली पद्धत होती. आधी वरच्या चर्चचं उत्तरेचं छोटं दार उघडायचं, समुद्राकडचं. मग तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी उभं राहून खाली तीन हाका मारायच्या : "वर या, दार लागतंय!" मग भिंतीकडे तोंड करून बाजूला उभं राहायचं, मनातल्या मनात एक प्रार्थना म्हणून होईपर्यंत. मग कुलूप.

"हाक कुणाला मारायची, बाबा?" नुंत्सियाने लहानपणी विचारलं होतं.

"जो राहिला असेल त्याला."

"आणि भिंतीकडे तोंड कशाला?"

"कुणी वाटेने जात असलं की त्याच्याकडे टक लावून बघू नये. एवढं तरी वळण नको का माणसाला?"

यापलीकडे म्हाताऱ्याने कधी एक शब्द सांगितला नाही, आणि नुंत्सियानेही विचारलं नाही. तिच्या हाती किल्ल्या आल्यावर तिनेही तसंच केलं, वीस वर्षं, न चुकता. मग गेल्या मे महिन्यात खात्याने तळघराला विजेवर चालणारं जाळीचं दार बसवलं, वर कॅमेरा लावला, आणि समुद्राच्या वाऱ्याबरोबर मीठ येतं म्हणून उत्तरेचं दार रबर ठोकून, स्क्रू पिळून, शिशाचं सील लावून कायमचं बंद करून टाकलं. आता सहा वाजले की जाळी आपली आपण पी-पी करत बंद व्हायची. पहिल्या आठवड्यात नुंत्सियाने हाका मारल्या. एक दिवस जर्मन पर्यटकांचा घोळका मागे उभा होता. त्यातल्या एकाने तिची नक्कल केली आणि सगळे खिदळले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून तिने हाक बंद केली.

वर, चर्चच्या सामानखोलीतून जाणाऱ्या जिन्यावर, राखणदाराच्या दोन खोल्या होत्या. तिथे रोज संध्याकाळी ओरोंत्सो विचारायचा, "मारलीस हाक?"

"मारली, बाबा."

"आधी समुद्राकडचं दार?"

"हो हो, उघडलं. जेवा आता."

आठ महिने ती हे खोटं बोलत होती, आणि आता तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

२

जानेवारीत रेनाता स्पेदिकातो आली. तळघराच्या हवेची देखरेख खात्याने हिच्याकडे दिली होती. पस्तिशीची, सदा घाईत, बोलायला फटकळ पण मनाने चांगली बाई. तिने तिकिटाच्या टेबलावर एक लांबलचक कागद पसरला.

"सिन्योरा, सोमवारी खाली कोण असतं?"

"मी. नऊ ते अकरा."

"ते दिसतंय मला. हे बघा."

कागदावर एक रेघ जिन्यासारखी चढत-उतरत होती. तळघरातल्या चौथ्या खांबावर एक पांढरी डबी टांगलेली होती. ती माणसांच्या श्वासाने जड होणारी हवा मोजायची. माणूस आत गेला की रेघ एक पायरी चढायची, बाहेर आला की हळूहळू उतरायची. एका वेळी बाराच जणांना खाली सोडायचं हा नियम त्यासाठीच होता, कारण श्वासाने भिंत दमट होते आणि मीठ फुलतं.

"ही तुमची पायरी, नऊची," रेनाताने बोट ठेवलं. "अकराला तुम्ही वर आलात. रेघ उतरली. पण तळाला गेली नाही. एका माणसाएवढी वरच राहिली. दुपारभर, दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. इतर दिवशीही तेच. तुम्ही बारा जण सोडता, डबी तेरा दाखवते."

"उंदीर असतील."

"एवढा श्वास घ्यायचा तर तो उंदीर माझ्याएवढा हवा, सिन्योरा. लग्न झाल्यापासून माझं जेवढं वजन वाढलंय ते धरून."

नुंत्सिया हसली. मग विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"मेपासून. जाळी बसवली त्या आठवड्यापासून."

नुंत्सियाच्या मनात पाल चुकचुकली. पण तिने ती झटकून टाकली. नवं दार घट्ट बसतं, हवा कोंडते, झालं! यात काय एवढं? शाळेतलं पोरही सांगेल.

रेनाताला मात्र तसं वाटत नव्हतं. तिच्या मते दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर कुणीतरी कॅमेऱ्याची नजर चुकवून आत जात होतं, नाहीतर जमिनीतूनच हवा झिरपत होती. "पुढच्या शुक्रवारी दुपारी दार सीलबंद करते, मंगळवार सकाळपर्यंत. रेघ तळाला गेली, तर कुणाची तरी चोरटी ये-जा होती एवढंच. नवं कुलूप घालू, चालू ठेवू. नाही गेली, तर हवा जमिनीतली. मग मला बंदच करावं लागेल. बेमुदत."

"आणि राखणदार?"

रेनाताने कागद गुंडाळायला घेतला. "बंद जागेला राखणदार नसतो, सिन्योरा. वाईट वाटतं मला."

३

राखणदारी गेली की खोल्या गेल्या. हे नुंत्सियाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ओरोंत्सो अठ्ठ्याऐंशीचा. तरुणपणी दगडाच्या खाणीत कामाला होता, त्या धुळीने त्याची फुप्फुसं कधीच कामातून गेली होती. दिवसभर तो स्वयंपाकघरात खिडकीला लागून बसायचा, कपाळ जवळजवळ काचेला टेकवून, खालच्या चौकात कोण कुणाशी बोलतंय, कोण कुणाला टाळतंय ते बघत. थंडीत त्याच्या श्वासाने काचेवर एक धुरकट गोल उठायचा आणि विरायचा, उठायचा आणि विरायचा. लेच्चे शहरातल्या वृद्धाश्रमात एक खाट मोकळी आहे, असं पाद्रीबाबांनी दोनदा सुचवून झालं होतं.

"मला इथून उचललंस तर लेच्चेपर्यंत पोचणार नाही मी," तो म्हणाला होता. "नाटक नाही करत, पोरी. माझं मला माहीत आहे."

नुंत्सियालाही माहीत होतं. तिला भीती वाटत होती, साधी, सरळ भीती, आणि ती पोटात घेऊनच ती घेवड्याची डाळ शिजवत होती, भाजी निवडत होती.

जाताना रेनाता तसलीच दुसरी एक डबी स्वयंपाकघरात टांगून गेली होती. यंत्रातच खोट असेल तर तेही कळायला हवं ना. "तुमच्याकडे माणसं दोन, हे पक्कं माहीत आहे. बघू या ही किती दाखवते."

आठवड्याने तिने फोन केला. डबी दोन दाखवत होती. नुंत्सिया बाहेर पडली की एक. परत आली की दोन. "तुमचे बाबा दुपारी झोपतात तेव्हा रेघ किंचित खाली येते. इतकं चोख आहे यंत्र."

म्हणजे यंत्रात खोट नव्हती.

४

त्या सोमवारी नुंत्सिया नेहमीसारखी नऊला खाली उतरली.

शेवटच्या संताच्या चित्रासमोर, ज्याचे नुसते डोळे उरले होते, खात्याने जाड काच उभी केली होती. काच आणि भिंत यांच्यात वीतभर अंतर. मांजरही शिरायचं नाही. नुंत्सियाने काचेवर टॉर्च धरला तर तिथे धुरकट गोल दिसला. आपलाच श्वास, असं म्हणून तिने फडक्याने पुसला. गोल तसाच. पुन्हा पुसला, जरा जोर लावून. तो पुसला जात नव्हता.

काचेच्या पलीकडून होता तो.

दमट असणारच, तिने स्वतःला बजावलं. भिंत घामेजते, काच गार, मग दुसरं काय होणार? ती तीन पावलं मागे सरली आणि नुसती बघत उभी राहिली. गोल हळूहळू विरून गेला. काच स्वच्छ झाली. संताचे दोन डोळे स्पष्ट दिसले. मग त्याच जागी गोल पुन्हा उठला, सावकाश, मधून बाहेर पसरत. विरला. पुन्हा उठला.

नुंत्सियाने श्वास रोखून धरला. छाती दुखायला लागली तरी धरला. काचेवरचा गोल मात्र आपला उठत होता, विरत होता. बाबांच्या गोलाहून कितीतरी संथ.

तिने ब्रश गोळा केला, फडकी गोळा केली. धावली नाही, बावन्न पायऱ्या एकेक करत चढली. वर आल्यावर घड्याळ बघितलं तर सव्वानऊच झाले होते. वीस वर्षांत पहिल्यांदाच तिने झाडलोट अर्धी टाकली होती.

त्या संध्याकाळी ओरोंत्सोने विचारलं, "मारलीस हाक?" तेव्हा ती चुलीकडे तोंड करून "हो" म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच खोटा वाटला.

५

शुक्रवारी रेनाता दीड वाजता आली, सीलचं सामान जिन्यावर ठेवलं आणि म्हणाली, "मी कोपऱ्यावर एक कॉफी मारून येते. रिकाम्या पोटी मला शिक्के ठोकायला जमत नाही."

चर्चमध्ये कुणी नव्हतं. जाळी उघडी होती. आता नाही तर मग कधीच नाही, हे नुंत्सियाला कळत होतं. खाली कुणी राहिलंय यावर तिचा विश्वास होता का? ते तिलाही सांगता आलं नसतं. पण बाबांच्या खाटेपुढे विश्वास-अविश्वासाची काय मातब्बरी? हाक मारल्याने काही होत नसेल तर नाही होणार. कुणी हसायलाही नव्हतं.

ती आधी उत्तरेच्या दाराशी गेली. सहा स्क्रू, रबराची पट्टी, शिशाचं सील. सील तोडलं असतं तर नोकरी त्याच मिनिटाला गेली असती. तिने दारावर हात ठेवला. पलीकडे समुद्र धडकत होता. दाराचं काय एवढं, ती मनाशी म्हणाली. म्हाताऱ्याला वारा आवडायचा, म्हणून उघडत असेल. खरी गोष्ट हाकेची.

मग ती तळघराच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"वर या! दार लागतंय!"

आवाज खाली गेला, खांबाखांबांत शिरला, आणि परत आला नाही. तिने दुसरी हाक मारली. तिसरीही मारली. मग ती भिंतीकडे तोंड करून बाजूला उभी राहिली आणि प्रार्थना म्हणायला लागली.

खालून आवाज आला. पावलांचा नव्हे. बराच वेळ मांडी घालून बसलेलं माणूस उठतं तेव्हा गुडघा वाजतो, तसा. एवढाच.

नुंत्सिया प्रार्थनेत अडखळली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. तिच्या डोळ्यांसमोर चुन्याची भिंत होती, त्यावर एक बारीक तडा, आणि ती त्या तड्याकडे बघत होती, दुसरीकडे कुठेच नाही. मानेला कोमट, दमट हवा लागली. जुन्या ओल्या चुन्याचा वास आला आणि मिठाचा. तो वास तिच्यामागून सरकत गेला, काही घाई नसल्यासारखा. मग लांबवर एक बिजागरी कुरकुरली.

प्रार्थना संपली. तिने वळून बघितलं. चर्च रिकामं होतं, बाकं जिथल्या तिथे. सामानखोलीचं दार, जे ती वरून बाबांचा खोकला ऐकू यावा म्हणून नेहमी लाकडाची पाचर लावून अर्धवट उघडं ठेवायची, ते आता सताड उघडं होतं.

वारा, असं तिने म्हटलं. तेवढ्यात रेनाता बाहीने तोंड पुसत आत आली, आणि मग पट्टी, मेण, शिक्का, सह्या यांत पाऊण तास गेला.

६

शनिवार-रविवार कसे गेले ते नुंत्सियाला कळलं नाही. घरात काही विचित्र घडलं नाही. तिने कपडे धुतले, चिकोरीची भाजी केली, बाबांच्या छातीला तेल चोळलं. मनात सारखं एकच : खाली रेघ कुठे असेल?

शुक्रवारी संध्याकाळी ओरोंत्सोने मात्र हाकेचं विचारलंच नाही. शनिवारीही नाही. नुंत्सियाला आधी बरं वाटलं, मग वाटलं नाही.

रविवारी ती बाजूच्या बेकरीतून गोड पाव घेऊन आली, तर म्हाताऱ्याने आपली खुर्ची खिडकीच्या एका कडेला ओढून घेतली होती. एवढ्या अशक्त माणसाने ती कशी ओढली देव जाणे.

"हे काय? मध्ये बसायचं सोडून कोपऱ्यात?"

"जरा जागा केली."

"कुणासाठी?"

"काच मोठी आहे," ओरोंत्सो म्हणाला, आणि पुन्हा चौकाकडे बघायला लागला.

म्हातारपण, नुंत्सियाने ठरवलं. तिने पाव कापला. तीन तुकडे झाले. तिसरा तिने का कापला ते तिला सांगता आलं नाही. तो तिने ताटलीत तसाच झाकून ठेवला.

७

मंगळवारी सकाळी नऊला फोन वाजला.

"सिन्योरा, अभिनंदन!" रेनाता जवळजवळ ओरडतच होती. "तळाला! शुक्रवारी दुपारपासून सपाट, टेबलासारखी! जमिनीतून काही येत नाही. नवं कुलूप घालतो आणि उद्यापासून चालू. तुमची जागा, तुमच्या खोल्या, सगळं जिथल्या तिथे. पत्र आजच निघेल."

नुंत्सियाचा जीव भांड्यात पडला. ती मटकन स्टुलावर बसली आणि रडली, आवाज न करता, त्या छोट्या एप्रनमध्ये तोंड खुपसून. दोन आठवड्यांचं ओझं उतरलं. बाबा इथेच राहणार होते. आपल्या खिडकीत, आपल्या खाटेवर.

"रडताय का? रडा, रडा, मीही रडले असते," रेनाता म्हणाली. "आणि हो, ती स्वयंपाकघरातली डबी काढून ठेवा, न्यायला येईन. पाहुणे आलेत वाटतं तुमच्याकडे?"

"पाहुणे?"

"शुक्रवारी दुपारपासून तुमची रेघ तीनवर आहे."

नुंत्सियाने मान वर केली.

ओरोंत्सो खिडकीच्या कडेला बसला होता. त्याच्या तोंडासमोर काचेवर त्याचा छोटा गोल उठत होता, विरत होता, भराभर, धापा टाकत. त्याच्या शेजारी, जिथे त्याने जागा केली होती तिथे, बसलेल्या माणसाच्या उंचीवर, दुसरा गोल होता. संथ. मधून बाहेर पसरणारा.

फोन कानाशी धरूनच ती उठली. एप्रनच्या टोकाने तिने तो गोल पुसला. या वेळी तो पुसला गेला. काच लख्ख झाली, खालचा चौक दिसला, कारंजं दिसलं. मग तिच्या बोटांजवळ काच पुन्हा धुरकट व्हायला लागली, आणि बोटांना ऊब लागली.

"सिन्योरा? आहात ना?"

"आहे," नुंत्सिया म्हणाली. "हो. पाहुणे आहेत."

"राहणार आहेत का?"

तिने फोन ठेवून दिला.

ओरोंत्सो वळला नव्हता. "कुठलं दार उघडलंस, पोरी?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"कुठलंच नाही, बाबा. समुद्राकडचं त्यांनी बंद केलंय. मेपासून." ती थांबली. "मी तुमच्याशी खोटं बोलत होते."

"आपल्या जिन्याचं उघडं होतं?"

"हो."

म्हाताऱ्याने मान हलवली, खाणीत एखादा दगड मधूनच भेगाळलेला निघाला की हलवायचा तशी.

"आता हाक मारू?" नुंत्सिया म्हणाली. "आता मारते ना मी. रोज मारीन."

"काय म्हणून मारशील? वर या? ते वरच आलंय." त्याला खोकला आला, तो संपेपर्यंत ती त्याची पाठ चोळत राहिली. "याच्या वर आता छप्पर आहे फक्त."

"मग आपण जाऊ. लेच्चेला जाऊ, बाबा. आजच. मी तुमच्याजवळ राहीन."

ओरोंत्सोने तिच्या हातावर हात ठेवला. त्याचे हात गार होते. "तू जा म्हटलं तर जाशील का?"

दोघांनाही उत्तर माहीत होतं. या दोन खोल्यांसाठी तिने जे केलं होतं ते करून झालं होतं, आणि खोल्या तिला मिळाल्या होत्या.

दुपारी तिने डाळ गरम केली. टेबल मांडलं. खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवलं तरी डोळे तिकडेच जात होते, तेव्हा तिने आपली खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. एवढं तरी वळण हवं माणसाला. तिच्या मागे दोन श्वास चालू होते. घरघरणारा बाबांचा, तो तिला लहानपणापासून ओळखीचा होता. तिने चमचा हातात धरून फक्त तोच ऐकायचा प्रयत्न केला, कारण तो ज्या दिवशी थांबेल त्या दिवशीही ती डबी दोनच दाखवणार होती.